तांबोळी सरांची पाकिटं

तांबोळी सरांना एखादी गोष्ट माहीत नसली की ते उठून उभे राहायचे. वर्गात असोत, चहाच्या गाड्यावर असोत, एकदा तर चालत्या एसटीत. समोर पोर असो नाहीतर संस्थेचे अध्यक्ष, हात मागं बांधून, ताठ उभं राहून ते म्हणायचे, "मला न्हाई म्हाईत." आणि मग खाली बसायचे.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं ओळख वाढल्यावर विचारलं, तर म्हणाले, "बसून म्हणलं की आळस वाटतो गड्या. जसं काय म्हाईत करून घ्यायचंच न्हाई. उभं ऱ्हायलं की पाय निघत्यात."

मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. असतो तर पुढचं घडलं नसतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही सांगत नाही.

ते आटपाडीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला विज्ञान शिकवायचे. पन्नाशीचे, शिडशिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशात पेन कधी नसायचं, खडूचे तीन-चार तुकडे मात्र असायचे आणि त्यांनी खिशाचं टोक कायम पांढरं झालेलं असायचं. गावातले लोक चिडवायचे, "तांबोळी असून पान खात न्हाई, ह्यो कसला तांबोळी!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "वाटण्या झाल्या तवा थोरल्यानं चुना घेतला, माज्या वाटणीला खडू आला." इतकी वर्षं शिकवूनही ते कॉलेजात कायम झाले नव्हते. दर जूनला नवा आदेश निघायचा, तेव्हा कुठं त्यांचं वर्ष सुरू व्हायचं. वर्गातसुद्धा ते असंच बोलायचे, आपल्या माणदेशी बोलीत. प्राचार्यांना ते आवडत नसे. मला त्याची लाज वाटे, कारण मी स्वतः म्हसवडजवळच्या एका वाडीतला होतो आणि सांगलीला येऊन मोठ्या कष्टानं 'न्हाई'चं 'नाही' केलं होतं.

नव्वदीचं दशक संपायला दोन-तीन वर्षं राहिली होती. सांगलीतल्या एका शिक्षणसंस्थेत मी संगणक विभागात हंगामी शिक्षक होतो. आमच्याकडे सात संगणक होते आणि त्यातल्या एकाला मोडेम होता. फोनची लाईन लागली की तो किरकिरायचा, घसा खरवडायचा आणि दहातल्या सहा वेळा मध्येच गप्प व्हायचा. तरी त्याच्या जोरावर पुण्याच्या एका संस्थेनं आमच्याबरोबर 'माती आणि पाणी' असा वर्षभराचा अभ्यासक्रम काढला. बारावी होऊन घरी बसलेल्या मुलामुलींसाठी. केंद्रं दोन. सांगलीच्या केंद्रात मी शिकवायचं: आधी छापील नोट्स, मग व्याख्यान, मग मुलांनी ईमेलनं पुण्याच्या तज्ज्ञांना उत्तरं पाठवायची. आटपाडीच्या केंद्रात तांबोळी सरांनी उलटं करायचं: नोट्स नाहीत, आधी प्रश्न, मुलांनी आपसात आणि पुण्याशी चर्चा करत उत्तराकडे जायचं. वर्षाच्या शेवटी पुण्याचे लोक दोन्हीकडचं लिखाण ताडून पाहणार होते. मुलं ज्ञान नुसतं घेतात की स्वतः घडवतात, हे त्यांना शोधायचं होतं. तसं पत्रच आलं होतं. सरांनी ते वाचलं, दोनदा घडी घातली आणि म्हणाले, "घडवत्यात का, म्हणं. आदी मातीत हात घालू दे की त्यास्नी."

आटपाडीत तेव्हा मोडेम नव्हता. म्हणून अशी व्यवस्था झाली: मुलं कागदावर लिहायची, सर ते कागद खाकी पाकिटात घालून सोमवारी सकाळच्या सांगली गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचे. मी स्टँडवर जाऊन पाकीट घ्यायचं, सगळं संगणकावर उतरवायचं आणि पुण्याला पाठवायचं. पुण्याचं उत्तर आलं की त्याची छापील प्रत त्याच गाडीनं परत. कंडक्टर पाकीट माझ्या हातात देताना दर वेळी विचारायचा, "काय वो, ह्यात पेपर फुटलेला हाय का काय?"

पाकीट उघडलं की आत गोंधळ असायचा. एकानं काहीतरी लिहिलेलं, त्याखाली दुसऱ्यानं 'हे खोटं हाय' म्हणून लिहिलेलं, त्याखाली तिसऱ्याचं चित्र. आणि समासात सरांच्या खडबडीत अक्षरात प्रत्येक वाक्यापुढं एकच अक्षर. 'ब' किंवा 'ऐ'. मला ते कळेना. एका शनिवारी मी आटपाडीला त्यांचा वर्ग बघायला गेलो तेव्हा कळलं.

वर्ग प्रयोगशाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. सर सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते आणि फळ्यापाशी सुनंदा कांबळे उभी होती. बौद्धवस्तीतली मुलगी, वडील गेलेले, भाऊ मुंबईत गोदीवर. तिच्या हातात एक सोल, म्हणजे विहिरीत सोडायचा दोर होता, हात-हात अंतरावर जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेला. त्यानं ती वस्तीच्या विहिरीचं पाणी रोज दोनदा मोजत होती.

"सकाळी पानी एक चिंधी वर असतंय, सर. सांच्याला खाली."

संपत नावाचा दांडगा मुलगा पुढच्या बाकावरून म्हणाला, "त्यात काय! रातीला ऊन नसतंय. वाफ हुत न्हाई. म्हणून."

सर मागून म्हणाले, "बगितलंस का ऐकलंस?"

"पुस्तकात हाय, सर."

"म्हंजी ऐकलंस. ऐकलेलं खोटं नसतंय रं. पर त्ये तुजं नसतंय."

सुनंदा म्हणाली, "मला वाटतंय रातच्याला मोटारी बंद असत्यात, म्हणून झरा भरून काढत असंल."

"आगं पर ह्या आठवड्यात लाईट रातचीच हाय की!" दुसरी एक मुलगी ओरडली. "आमचा आण्णा राती दोनला उठून मोटार चालू करतोय. मग तुजं पानी सकाळी वर कसं?"

सुनंदाचा चेहरा पडला. सगळ्यांनी मागं वळून सरांकडे पाहिलं. सर उभे राहिले, हात मागं बांधले आणि म्हणाले, "मला न्हाई म्हाईत."

त्यांच्या जागी मी असतो तर तिथंच उत्तर देऊन मोकळा झालो असतो. ते खाली बसले आणि पोरं भांडायला लागली. सोळावं मिनिट आलं तेव्हा कुणाला तरी सुचलं, की वस्तीच्या विहिरीवर मोटारच नाही, पण शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर आहे. तिथं बघायला पाहिजे. मळेवाला म्हातारा कसला खवीस! सुनंदानं सोल सोडला तसा तो धावून आला, "कुणाच्या इहिरीत दोर सोडतीयास गं?" सर पुढं झाले. "आवं पाटील, पानी काडत न्हाई ती, मोजतीया. मोजल्यानं कमी हुतंय व्हय?" म्हातारा विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "मोज. पर मलाबी सांग किती हाय."

पुढचे दीड महिने ती मुलं दोन्ही विहिरी मोजत होती. रात्रीच्या लाईटचा आठवडा, दिवसाच्या लाईटचा आठवडा. मळ्यातल्या विहिरीचं पाणी लाईटीप्रमाणं उलटंसुलटं व्हायचं. वस्तीची विहीर मोटार नसूनही त्याच्या मागोमाग, पण अर्धा दिवस उशिरा हलायची. म्हणजे जमिनीखालून दोघींचं काहीतरी नातं होतं. हे त्यांनी स्वतः शोधलं. शोध पुरा झाल्यावर आलेल्या पाकिटात ह्या विहिरींचे बावीस कागद होते. पहिल्या कागदावर संपतची वाफ होती आणि शेवटच्या कागदावर संपतच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'माजं चुकलं. सुनंदीचं बी निम्मं चुकलं. ईर ईरीला धरून हाय.' समासात सरांचा 'ब'. त्याच्याखाली दोन रेघा.

मी ते सगळं पुण्याला पाठवलं नाही.

हे लिहायला मला बावीस-तेवीस वर्षं लागली, म्हणून सरळ लिहितो. मी ते बावीस कागद वाचले आणि मला वाटलं, पुण्याची माणसं हसतील. ती भाषा, ते चुकीचे अंदाज, ती भांडणं. आपल्या भागातली पोरं अडाणी दिसतील. त्यात माझीही अब्रू गुंतली आहे, असं मला वाटलं. म्हणून मी सुरुवातीपासूनच 'नीट' करत होतो. चुकीचं ते गाळायचं, बरोबर ते ठेवायचं आणि प्रत्येकाच्या नावाखाली छापण्यासारखं वाक्य घालायचं. त्या आठवड्यात मी लिहिलं, 'रात्री उपसा थांबल्याने भूजलाचे पुनर्भरण होऊन विहिरीची पातळी वाढते.' चौदातल्या अकरा जणांच्या नावावर थोड्याफार फरकानं हेच. रात्रीच्या लाईटची भानगड पुस्तकातल्या उत्तराच्या आड येत होती, म्हणून ती मी काढून टाकली. म्हणजे त्यांनी जे शोधलं होतं तेच मी काढलं आणि जे त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं ते पाठवलं.

पुण्याहून उत्तर आलं, 'उत्तम. संकल्पना स्पष्ट आहे.' मला बरं वाटलं. आमच्या विभागप्रमुखांनाही वाटलं. ते म्हणाले, "आटपाडीचं कामसुद्धा तुम्ही नीटनेटकं ठेवलंय." माझ्या कायम होण्याचा प्रस्ताव त्याच महिन्यात वर गेला.

पुढच्या पाकिटात सुनंदाची चिठ्ठी होती. 'सर, पुण्याच्या लोकास्नी आमी भांडलो ते कळलं न्हाई का. त्यांनी कुणाची बाजू घेतली न्हाई. दुसऱ्या इरीचं तर काईच लिवलं न्हाई.' मी तिला उत्तर लिहिलं की पुण्याचे तज्ज्ञ फार व्यग्र असतात.

माझ्या सांगलीच्या केंद्रातली मुलं आपापली संगणकावर टाईप करायची. मी त्यांच्या मागं उभा राहत नसे, कारण नोट्स दिल्यावर माझं काम संपलं असं मी समजत होतो. त्यामुळे त्यांच्या लिखाणात चुका राहायच्या आणि प्रत्येकाच्या वेगळ्या असायच्या. पुढं नेमकं तेच त्यांच्या कामाला आलं.

फेब्रुवारीत पुण्याहून तपासणीला एक बाई आणि एक गृहस्थ आले. जीपमधून त्यांना आटपाडीला नेण्याचं काम माझ्याकडे होतं. बाई प्रेमळ होत्या; वाटेत त्यांनी मला शेंगा घेऊन दिल्या. शेडमध्ये चौदा मुलं धुतलेले कपडे घालून बसली होती. सुनंदानं तो चिंध्यांचा सोल नीट गुंडाळून मांडीवर ठेवला होता. सर सवयीनं मागच्या बाकावर.

बाईंनी पिशवीतून छापील गठ्ठा काढला. "सुनंदा, तू इथं 'भूजलाचे पुनर्भरण' असं छान लिहिलं आहेस. म्हणजे काय, ते तुझ्या शब्दांत सांगशील?"

सुनंदानं गठ्ठ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "ह्यो शब्द मला ठावं न्हाई, मॅडम."

"पण तूच लिहिलायस ना हा?"

"म्या न्हाई."

बाईंनी संपतला विचारलं. त्यालाही माहीत नव्हता. तिसऱ्याला. चौथीला. गृहस्थ गठ्ठा चाळत म्हणाले, "अकरा जणांचं एकच वाक्य आहे." मग त्यांनी मागं पाहून विचारलं, "सर, हे वाक्य यांना कोणी सांगितलं?"

तांबोळी सर उभे राहिले. हात मागं बांधले. "मला न्हाई म्हाईत."

गृहस्थांना तो उर्मटपणा वाटला. त्यांच्या कपाळावर आठी आली ती मी पाहिली. मी पुढच्या बाकाच्या कडेला, बाईंच्या शेजारी बसलो होतो. माझ्या हातात शेंगांची टरफलं होती. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मी लिहिलं. दोन शब्द. मी टरफलं रुमालात बांधायला लागलो.

सुनंदा म्हणाली, "मॅडम, आमी इरी मोजल्यात. दोर दाखवू का? हितनं जवळच हाय इर."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "उशीर होईल गं. पुन्हा कधी."

महिनाभरात अहवाल आला. आटपाडी केंद्रात उत्तरं सांगून लिहून घेतली जातात, विद्यार्थ्यांना त्यांचा अर्थ कळत नाही. उलट नोट्स देऊन शिकवलेल्या सांगली केंद्रात विद्यार्थ्यांच्या लिखाणात स्वतंत्र विचाराचं वैविध्य दिसतं. आटपाडीचं केंद्र बंद करावं, तिथल्या विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र देऊ नये.

त्यानंतर एकदाच सर सांगलीला आले. सकाळच्या गाडीनं, पाकिटाऐवजी स्वतः. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले, पाणी प्यायले.

"माजी पाकिटं दे वसंता. कागद दाखवतो त्या बाईंला. त्यांनी बगितलं की पटंल. पोरांचं वरीस वाया जायला नगो. कॉलेजवाले तर टपूनच हायती, औंदाचा आदेश देतो का न्हाई म्हणून."

पाकिटं माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होती. सगळी. माझा गुडघा त्या खणाला टेकलेला होता. ती दिली की माझं टायपिंग आणि मुलांचं लिखाण शेजारी शेजारी ठेवलं जाणार, हे मला दिसत होतं. माझा प्रस्ताव अजून मंजूर व्हायचा होता.

मी म्हणालो, "सर, खोली बदलली ना आम्ही. त्या वेळी सगळं रद्दीत गेलं."

अगदी वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बगितलंस का ऐकलंस?"

"ऐकलं, सर. शिपाई म्हणाला."

"बरं," ते म्हणाले. चहा आला होता तो त्यांनी बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. शर्टावर खडूची बोटं उठली. "तू काय करणार मग त्याला," म्हणाले आणि गेले.

जूनमध्ये त्यांचा आदेश निघाला नाही. त्याच महिन्यात मी कायम झालो. चौदा मुलांचं काय झालं हे मी शोधलं नाही. संपत टेंपो चालवतो एवढं कानावर आलं. सुनंदाचं लग्न ठरलं असं कुणीतरी म्हणालं. हे सगळं ऐकलेलं.

वर्षभरानं मी एकदा गावाकडे जाताना म्हसवडला उतरलो. सर तिथं बहिणीच्या घरात राहतात आणि दहावीच्या शिकवण्या घेतात, असं कळलं होतं. बॅगेत मी पाकिटं घेतली होती. सांगून टाकायचं, पाकिटं त्यांच्या हातात द्यायची, पुढं जे होईल ते होवो, असं ठरवून आलो होतो. सिद्धनाथाच्या देवळामागच्या बोळात विचारत विचारत गेलो. घर सापडण्याआधी आवाज सापडला.

"प्रश्न चौथा. उत्तर. जमिनीची धूप म्हणजे, स्वल्पविराम, वारा व पाणी यांमुळे, मातीचा वरचा थर वाहून जाणे. पूर्णविराम. झालं का? पुढं. धूप होण्याची कारणे. एक."

मी खिडकीशी थांबलो. सतरंजीवर पंधरा-वीस मुलं खाली माना घालून लिहीत होती. कुणी वर बघत नव्हतं. सर समोर खुर्चीवर बसून गाईडातून वाचत होते. छापील, स्वच्छ भाषा. खिशात पेन होतं.

मुलं गेल्यावर त्यांनी मला आत घेतलं, बहिणीला चहा टाकायला सांगितला, माझ्या आईची चौकशी केली. "ह्येच लागतंय गड्या पोरांस्नी," गाईड मिटत ते म्हणाले. "जे सांगतो तेच परीक्षेत येतंय. कुणाचं नुकसान न्हाई." मी बॅग पायाशी ठेवली होती. चेन अर्धी उघडली. सांगायचं ते मनात पाठ करून आणलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"सर, त्या वेळचं ते वाक्य, पुनर्भरणाचं. ते कुणी लिहिलं असेल, तुम्हाला काय वाटतं?"

एकदा त्यांची नजर माझ्या बॅगेकडे गेली असं मला वाटलं, पण ते मी खात्रीनं सांगू शकत नाही. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन, गुडघे सावरत, तांबोळी सर उठले. ताठ उभे राहिले. हात मागं बांधले.

"मला न्हाई म्हाईत," ते म्हणाले.

आणि या वेळी ते लगेच खाली बसले नाहीत. तसेच उभे राहिले, माझ्याकडे बघत, एखाद्या पोराला विचार करायला वेळ द्यावा तसे. आत स्टोव्हचा आवाज येत होता. मी बसूनच होतो. थोड्या वेळानं मी वाकलो आणि बॅगेची चेन लावली.